ताटीआडचे मूल

ताटीच्या अभंगांचे निरूपण आम्ही गेली चाळीस वर्षे करीत आलो आहोत. प्रसंग वारकऱ्यांस ठाऊकच आहे. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना लोकांनी वाळीत टाकले, ज्यांचे आईबाप देहान्त प्रायश्चित्त घेऊन निघून गेले, अशा चार भावंडांपैकी ज्ञानदेव एके दिवशी लोकांच्या बोलण्याने दुखावले आणि पर्णकुटीची ताटी लावून आत बसले. मग सर्वांत धाकटी मुक्ताई त्या ताटीबाहेर बसली आणि तिने दादाची समजूत घातली. हा प्रसंग सांगताना आम्ही संतांची लक्षणे सांगत असू, क्षमेची थोरवी सांगत असू, अद्वैताचा सिद्धान्त मांडत असू. श्रोते माना डोलावीत. पण त्यातली अगदी साधी गोष्ट आमच्या ध्यानात कधी आली नाही. ताटीच्या आत बसलेला आणि ताटीच्या बाहेर बसलेली, ही दोन्ही मुलेच आहेत. माउलींचा जन्म शके ११९७ चा धरला, तर शके १२१२ मध्ये आमच्या जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा त्यांचे वय पंधरा वर्षांचे भरते. मुक्ताई त्याहून लहान. आईबाप नाहीत, गाव हिणवते आहे, आणि एक पोर मनाने दुखावून दार लावून घेते आहे.

कोणी म्हणेल, अवतारी पुरुषास असे पोर म्हणणे बरे नव्हे. माउली अवतारी होते यात आम्हांस संशय नाही. परंतु देह मानवाचा घेतला म्हणजे त्याचे सुखदुःखही घेतले. ते घेतले नसते तर मुक्ताईला ताटीबाहेर बसण्याचे कारणच उरले नसते.

असो. हे आम्हांला ग्रंथ वाचून कळले नाही. आमच्या हातून एका मुलाचे अहित झाले, तेव्हा कळले. ती हकीगत सांगायला लाज वाटते, पण आमच्यासारखे फडावर उभे राहणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापुढे अशी मुले रोज येतात, म्हणून सांगतो.

सुमारे बारा वर्षांपूर्वी पाथर्डी तालुक्यातील एका वाडीवर कार्तिक महिन्यात सप्ताह होता. आमच्या जिल्ह्यातला पाथर्डी, शेवगाव, जामखेडचा हा पट्टा कोरडवाहू. दिवाळी झाली की मुकादमाचे ट्रक येतात आणि अर्धे गाव उसाच्या तोडीला निघून जाते. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे जाणे चुकत नाही. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात; एकटाच माणूस असला तर तो 'अर्धा कोयता'. तान्ही पोरे आईबरोबर फडावर जातात, कोपीत राहतात. शाळेतली पोरे म्हाताऱ्यांजवळ मागे राहतात. त्या सप्ताहाला आमच्यापुढे बसलेल्या मंडळींत पांढरे केस आणि लहान मुंडकी, एवढेच दिसत होते. मधली पिढी गावात नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकडा झाल्यावर एक म्हातारी नातवाला हाताला धरून आली. पोरगा दहा वर्षांचा असेल. पाया पडून म्हणाली, "महाराज, ह्यो कुणाशीच बोलत न्हाई. शाळंत तोंड उघडीत न्हाई. शेळीशी बोलतो, माझ्याशी बोलतो, बाहेरचं माणूस आलं की खांबासारखा उभा ऱ्हातो. राती वरडत उठतो. आता एवढा मोठा झाला तरी अंथरूण वलं करतो. आदी करीत नव्हता. आईबाप गेल्यापून सुरू झालंय."

म्हातारीने सगळे सांगितले होते. दुखणे केव्हा सुरू झाले तेही सांगितले होते. आम्ही ऐकले नाही. आम्ही तुळशीची माळ मागवली, पोराच्या गळ्यात घातली आणि सांगितले, रोज हरिपाठ म्हण, सगळी भीती पळेल. एवढ्यावर थांबलो असतो तरी पुरे होते. पण रात्री कीर्तनात नामाचा महिमा रंगला, मंडप भरलेला, आणि आम्हांला त्या पोराची आठवण झाली. आम्ही त्याला पुढे बोलावले. विणेकऱ्याशेजारी उभे केले आणि म्हटले, "बाळ, नुसते 'विठ्ठल' म्हण. आज तुझे तोंड उघडेल." पोरगा उभा. आम्ही पुन्हा म्हटले. टाळकरी म्हणाले, म्हण रे. लोक म्हणाले, म्हण रे. त्याचे ओठ पांढरे पडले आणि तिथेच, हजार माणसांत, त्याची चड्डी ओली झाली. मागे कोणी हसले. मग बरेच जण हसले.

आम्ही गजर सुरू केला आणि वेळ मारून नेली. पोराला आजी उचलून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी काल्याला ती दोघे दिसली नाहीत. आम्ही चौकशीही केली नाही. पुढच्या गावचे बोलावणे होते.

दोन महिन्यांनी त्या गावच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी आमच्या घरी आले. पोराने त्या रात्रीनंतर शाळा सोडली होती. उंबऱ्याबाहेर येत नव्हता. आशाताई आणि गुरुजी दोघांनी मिळून आजीला समजावले, की नगरच्या सरकारी रुग्णालयात मनाच्या दुखण्याचे डॉक्टर असतात, तिथे नेऊ. आजी ऐकेना. तिचे म्हणणे एकच: "महाराजांनी माळ घातलीय. आता दवाखान्यात नेलं तर माळंचा अपमान हुईल." गुरुजी आम्हांला म्हणाले, "महाराज, तुम्हीच चला. तुम्ही सांगितल्याशिवाय ती पायरी चढायची नाही."

गुरुजींच्या बोलण्यात एक शब्दही वावगा नव्हता. पण आम्ही काय करून बसलो ते त्या क्षणी उमगले. ज्याच्या शब्दाने पोराने दार लावून घेतले, त्याच्याच शब्दावाचून ते दार उघडायला कोणाला जाता येत नव्हते.

आम्ही गेलो. आजी, नातू, गुरुजी आणि आम्ही, चौघे एस. टी. ने. डॉक्टर तरुण होत्या. आम्हांला वाटले, पोराला तपासतील, गोळ्या लिहितील. त्यांनी पोराला एकही प्रश्न विचारला नाही. त्याच्यापुढे कागद आणि रंगीत खडू ठेवले आणि आजीला विचारले, "घरात कोण कोण असतं?" मग विचारले, "आई शेवटची केव्हा बोलली त्याच्याशी?" मग विचारले, "आजी, तुम्हांला झोप लागते का?" या तिसऱ्या प्रश्नाला म्हातारीचा बांध फुटला. तिचा धाकटा मुलगा चार वर्षांपूर्वी गेला होता, कसा गेला ते ती गावात कोणाला बोलली नव्हती. तेव्हापासून तिला रात्र रात्र झोप नाही, अन्न गोड लागत नाही, पोराकडे बघून कसेबसे उठते. पोरगा कागदावर रेघा ओढीत होता. त्याने खडू खाली ठेवला आणि आजीच्या पदराला हात लावला.

औषध लिहून मिळाले ते आजीला. पोराला एकही गोळी दिली नाही.

डॉक्टरांनी आम्हांला जे समजावले ते आमच्या शब्दांत सांगतो. काही मुले घरात नीट बोलतात आणि बाहेर त्यांचा शब्द घशात थिजतो. तो हट्ट नसतो, उर्मटपणा नसतो, मुकेपणाही नसतो. ती भीती असते. अशा मुलाला 'बोल, बोल' म्हणणे म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून दाबणे. चारचौघांत उभे करणे तर सर्वांत वाईट. (हे ऐकताना आमची मान खाली होती. गुरुजी खिडकीबाहेर पाहत होते.) उपाय हळूहळू करायचा असतो. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आजीने त्याच्याशी बोलायचे. मग गुरुजी दाराशी उभे राहतील, काही बोलणार नाहीत. मग आत येऊन बसतील. मग एखादा मित्र. मानेने हो-नाही म्हटले तरी ते उत्तर धरायचे. अंथरुणाबद्दल शिक्षा नाही, चेष्टा नाही. आईबापांचा फोन ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आला पाहिजे. रोज नको, पण चुकता कामा नये, कारण मुलाला जो धीर येतो तो वेळ पाळल्याने येतो. आईबापांना कोयता मोडून परत येणे शक्य नव्हते, उचल फिटायची होती. पण आई संक्रांतीला चार दिवस आली. पुढच्या वर्षी जाताना पोराला झोपेत सोडून न जाता, कधी परत येणार ते कॅलेंडरवर खूण करून दाखवून गेली. आधीची तीन वर्षे ती पोर रडेल म्हणून पहाटे तो झोपलेला असतानाच निघत असे. ते पोर रात्री का ओरडत उठत होते, याचा उलगडा आम्हांला तेव्हा झाला.

शेवटी डॉक्टरांनी विचारले, "त्याला आवडतं काय?" आजी म्हणाली, "टाळ. घरी थाळीवर वाजवतो." डॉक्टर आमच्याकडे वळून म्हणाल्या, "मग महाराज, त्याला हरिपाठात उभा करा. मधल्या रांगेत, कडेला नाही. टाळ हातात द्या. म्हण असं कोणी सांगायचं नाही."

आम्ही हरिपाठाची थोरवी आयुष्यभर सांगितली, पण हे सूत्र आम्हांला एका डॉक्टरीण बाईंनी शिकवले. हरिपाठ सगळे मिळून म्हणतात. तिथे एकट्याचा आवाज उघडा पडत नाही. ज्याला बोलायची भीती आहे त्याला समूहाच्या आवाजाआड आपला आवाज ठेवता येतो, जसे थंडीत कोणाच्या घोंगडीत शिरावे. बोबडे, तोतरे बोलणारेही सर्वांबरोबर म्हणताना अडखळत नाहीत, हे आपण दिंडीत कितीदा पाहिले असेल. आमच्या पूर्वसूरींनी हे योजून केले की सहज घडले, देव जाणे. त्या पोराचे ओठ हलायला पाच महिने लागले. आवाज ऐकू यायला आणखी पावसाळा गेला. कोणताही चमत्कार झाला नाही.

आता शास्त्राकडे वळू, कारण आमच्यातले पुष्कळ जण म्हणतात की मनाला डॉक्टर लावणे ही परकी चाल आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अकराव्या अध्यायात औषध तीन प्रकारचे सांगितले आहे: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. पहिल्यात मंत्र, मणी, नियम, उपवास, प्रणाम, यात्रा ही येतात. आमची माळ आणि वारी याच खान्यात पडतात. दुसऱ्यात आहार आणि औषधद्रव्ये यांची योजना. तिसरे सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितकारक विषयांपासून वळवणे. आजचे समुपदेशन त्याच्या पुष्कळ जवळ आहे. चरकाचार्यांनी ही तीन नावे एका ओळीत ठेवली आहेत. यातले एकच घ्या आणि बाकीची टाका, असे म्हटलेले नाही. त्याआधी नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारक म्हणजे जवळ राहून शुश्रूषा करणारा. मुलाच्या बाबतीत तो कोण? आई, बाप, आजी. तो पायच लंगडा असेल तर खाट उभी कशी राहणार? डॉक्टरांनी आधी आजीला झोप विचारली, ती याच न्यायाने.

लहान मुलांच्या चिकित्सेचा आपला ग्रंथ काश्यपसंहिता. तीत वेदनाध्याय नावाचे प्रकरण आहे. ज्या बालकाला बोलता येत नाही, त्याला कोठे दुखते ते त्याच्या हालचालींवरून, रडण्यावरून कसे ओळखावे, याचा तो विचार. त्याच ग्रंथात बालग्रहांचेही वर्णन आहे हे आम्हांस माहीत आहे, आणि आमचे विद्वान मित्र ते आम्हांला लगेच दाखवतील. पण दोन्ही असताना आमच्या लोकांनी ग्रह तेवढे ध्यानात ठेवले आणि वेदना विसरले, हा दोष ग्रंथाचा नव्हे.

आणि गीता? पहिल्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग. अंगाला कापरे, तोंडाला कोरड, त्वचेचा दाह, हातातून धनुष्य निसटते, मन भ्रमते. आजच्या डॉक्टरांनी टिपून घ्यावीत अशी ही लक्षणे अर्जुन स्वतःच सांगतो. भगवंत या अध्यायात काय करतात? रथ सांगितला तिथे उभा करतात आणि जवळजवळ काहीच बोलत नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत त्याला फटकारून पाहतात. त्याने काही होत नाही, अर्जुन 'मी लढणार नाही' म्हणून गप्प बसतो. खरा उपदेश सुरू होतो तो त्यानंतर अकराव्या श्लोकापासून. म्हणजे सर्वज्ञालासुद्धा आधी ऐकावे लागले. आम्ही मात्र म्हातारीचे चार वाक्यांचे बोलणे पुरे होण्याआधी माळ मागवली.

मुलांच्या मनाची चिकित्सा घरादारासह करावी, ही रीत आपल्या महाराष्ट्रातही नवी नाही. मुंबईस १९३७ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र काढले. देशातले ते पहिले मानतात. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि घरी जाऊन चौकशी करणारा समाजकार्यकर्ता, अशा तिघांनी एका मुलाचा विचार करायचा, ही त्यामागची कल्पना. पण मुंबई दूर. आमच्या जिल्ह्यातलेच सांगतो. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येऊन राहिले. त्यांनी गावोगावच्या साध्या बाया निवडल्या, त्यांत कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या, आणि त्यांना आरोग्याचे शिक्षण दिले. दवाखाना गावाबाहेर राहिला तरी आरोग्य शेजारणीच्या रूपाने घरात शिरले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशोदेशीची माणसे जामखेड पाहायला येऊ लागली. आज ती दोघे हयात नाहीत, पण त्यांनी दाखवलेली वाट आजच्या आशाताईंच्या पायाखाली आहे. आमच्या गोष्टीतल्या आशाताईंनी पोराला पाहिले नसते, तर गुरुजी एकटे काय करते?

दुसरी गोष्ट नगरजवळच्या शिंगवे नाईकची. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी १९९८ साली 'माउली सेवा प्रतिष्ठान' सुरू केले. रस्त्यावर भरकटणाऱ्या, मनाचा तोल गेलेल्या, घरच्यांनी सोडलेल्या स्त्रिया तिथे आणतात. त्यांतल्या काहींवर रस्त्यावर अत्याचार झालेले असतात, काही गरोदर असतात. त्यांची मुले तिथेच जन्मतात आणि आईजवळच वाढतात. आईला आपले नाव आठवत नसेल, पण मूल तिच्या कुशीत असते. संस्थेचे नाव 'माउली' आहे. हा शब्द आम्ही दिवसातून शंभरदा उच्चारतो. भेटेल त्याला माउली म्हणतो. पण वारीच्या वाटेवर केस पिंजारलेली, अंगावर धड वस्त्र नसलेली बाई दिसली की दिंडी थोडी कडेने जाते, हेही आम्ही पाहिले आहे. त्या कडेने जाणाऱ्यांत आम्हीही होतो.

आईपासून मूल तोडू नये, हे आता कायदाही सांगतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवेचा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. मनाच्या उपचारासाठी दाखल झालेल्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून वेगळे करू नये, असे त्यात कलम आहे. अल्पवयीन मुलाला दाखल करावे लागले तर त्याला मोठ्या रोग्यांत ठेवायचे नाही आणि घरचे माणूस त्याच्याजवळ राहिले पाहिजे, हेही आहे. कोणालाही साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. त्याआधी २०१३ साली आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा आमच्या संप्रदायातल्या अनेकांना धास्ती वाटली होती की आता कीर्तनावर, वारीवर गदा येणार. आम्हीही त्या धास्ती वाटणाऱ्यांतलेच. कायदा हाती आल्यावर वाचला, तर कीर्तन, प्रवचन, भजन, वारी यांना त्यात स्पष्ट मोकळीक आहे. मनाई आहे ती भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारण्याला, मिरचीची धुरी देण्याला. अशी धुरी दिलेले एक पोर आम्ही लहानपणी पाहिले आहे. त्याचे डोळे अजून आठवतात.

हे दुखणे दुर्मीळ आहे असे कोणी समजू नये. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत मोठी पाहणी केली. आपला महाराष्ट्र त्यांत नव्हता, पण माणसाचे मन जिल्ह्याची हद्द पाहून आजारी पडत नाही. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांत शंभरांमागे सातांहून थोडी अधिक मुले मनाच्या कोणत्या ना कोणत्या विकाराने पिडलेली आढळली. चाळीस मुलांच्या वर्गात ती तीन होतात. जागतिक आरोग्य संघटनेचा दहा ते एकोणीस वयाचा हिशेब तर दर सातांत एक असा आहे. मोजण्याच्या रीती वेगळ्या, म्हणून आकडे वेगळे. आम्हांला आकड्यांत गती नाही. पण सप्ताहाला समोर शंभर पोरे बसतात, त्यांत ती सात कोणती, हे हल्ली आम्ही पाहत असतो.

आता आमच्या कीर्तनकार बंधूंशी थोडे स्पष्ट बोलतो. राग मानू नये. मंडपात हशा पिकवण्यासाठी आपण तोतऱ्याची नक्कल करतो, वेड्याचे सोंग आणतो. समोर एखादी आई बसलेली असते, तिच्या मांडीवर तसलेच पोर असते. ती हसत नाही. दुसरे, पूर्वजन्मीच्या पापाचे बोलणे. कर्मसिद्धान्त आम्ही मानतो, पण आजारी पोराच्या आईपुढे तो अर्ध्या वाक्यात फेकायचा नसतो. ती घरी जाऊन रात्रभर आपले पाप शोधीत बसते, आणि पोराचे औषध राहून जाते. तिसरे सर्वांत घातक. माळ घातली, नेम धरला, आता गोळ्या बंद करा, असे कोणी सांगत असेल तर तो संप्रदायाचा द्रोह करतो. फेफरे हा मेंदूचा विकार आहे. त्याची गोळी डॉक्टरांना न विचारता एकाएकी सोडली तर झटक्यामागून झटके येऊन जीव जाऊ शकतो. माळेने गोळी सोडायला कधी सांगितले? एकादशीच्या उपवासातसुद्धा औषध चालते, हे खेड्यातली म्हातारीही जाणते.

आणि एखादे मूल 'मला जगायचं नाही' म्हणाले, तर ते नाटक आहे असे म्हणू नका, त्याला अभंग ऐकवू नका, एकटे सोडू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मध्यरात्र असली आणि काही सुचेना, तर १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. 'टेलि-मानस' नावाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पैसे पडत नाहीत, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येते. मुलावर घरात किंवा बाहेर अत्याचार होत असेल तर १०९८. आमच्या डायरीच्या पहिल्या पानावर पूर्वी फक्त तिथी आणि सप्ताहांच्या तारखा असत. आता त्यावर हे दोन आकडेही आहेत.

दर वेळी डॉक्टरच लागतो असेही नाही. पोरगा चार दिवस रुसला, परीक्षेच्या आधी पोटात गोळा आला, नवे भावंड झाले म्हणून चिडचिड करू लागला, तर घरच्या मायेने ते निवते. पण झोप, भूक, खेळ आणि बोलणे या चारांत दोनतीन आठवडे फरक पडून राहिला, येत होते ते येईनासे झाले, पूर्वी जाई तिथे जायला घाबरू लागला, तर वाट पाहू नये. आणि नेताना एकट्या पोराला नेऊ नये. घरातले जे माणूस रात्री त्याच्याजवळ झोपते, ते बरोबर न्यावे. आमच्या गोष्टीत बाप उसाच्या फडावर होता, म्हणून दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी त्याच्याशी फोनवर बोलणे केले. तिकडून इंजिनाचा आवाज येत होता, आणि तो परत परत एकच विचारीत होता, "बाई, माझी काय चुकी झाली का?" डॉक्टर म्हणाल्या, "चूक शोधायची नाही. रविवारी संध्याकाळी सात वाजता फोन करायचा, एवढं करा." त्याने तो हंगामभर केला. एकदा रेंज नव्हती, तर दोन कोस चालत जाऊन केला.

आजी तीन वर्षांपूर्वी वैकुंठवासी झाली. तिची गोळी दोन वर्षे चालली, मग डॉक्टरांनीच हळूहळू बंद केली. शेवटपर्यंत तिची माळ गळ्यात होती. नातू आता बावीस वर्षांचा आहे. तो आजही फार बोलत नाही. चारचौघांत पुढे होत नाही. टाळ मात्र असा वाजवतो की पखवाजी त्याच्याकडे बघून ठेका धरतो. आम्ही एकदा त्याला एकांतात बसवून त्या रात्रीबद्दल क्षमा मागितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "महाराज, तुम्ही नंतर एस. टी. त शेजारी बसला होता, ते आठवतंय."

या पौषात शेवगावकडच्या एका बाईने आपली आठ वर्षांची मुलगी आमच्याकडे आणली. मुलीला झटके येतात, गोळी सुरू आहे. घरचे म्हणतात देवाचे करा आणि गोळी सोडा. आम्ही बाईला घरात बसवले, चहा दिला आणि तिचे सगळे बोलणे पुरे होऊ दिले. पाऊण तास लागला. मुलगी तोवर तुळशीवृंदावनाशी खेळत होती. गोळी चालू ठेवा असे सांगितले आणि सासूबाईंना घेऊन पुन्हा यायला सांगितले. मंगळवारी त्या तिघींबरोबर नगरला जायचे आहे.